अष्टमीला, सकाळी सात वाजता

रोह्याजवळच्या आमच्या कंपनीच्या टाइम ऑफिसात माझ्या टेबलाच्या खणात एक पंचांग असायचं. रसायनं बनवणाऱ्या कारखान्याच्या हजेरीखात्यात पंचांगाचं काय काम, असं तपासणीला आलेल्या एका साहेबांनी मला विचारलंही होतं. मी म्हणालो, "मोकलदादांसाठी ठेवलंय." मोकलदादा म्हणजे इकडचं कुणीतरी जागृत देवस्थान असावं, अशा समजुतीने त्यांनी मान लववली आणि पुढचा खण तपासायला घेतला.

जनार्दन मोकल हे आमच्याकडे बॉयलर अटेंडंट होते. पेणपलीकडच्या खाडीकाठचं गाव, घरची पिढीजात मिठागरं, घरात सगळे मीठ पिकवणारे. कंपनीत येऊन त्यांना वीस वर्षं झाली होती, पण तारीख नावाची गोष्ट त्यांनी अजून मान्य केली नव्हती. रजेचा अर्ज यायचा तो असा: "येत्या वद्य पंचमीस घरी बांधाचे काम निघाल्याने एक दिवसाची रजा मिळावी." मग मी पंचांग काढून ती पंचमी कोणत्या तारखेला पडते ते बघायचं आणि मस्टरवर चढवायचं. सुरुवातीला मी चिडायचो. एकदा म्हटलं, "दादा, भिंतीवर एवढं मोठं कॅलेंडर लावलंय, त्यातली तारीख टाकायला काय होतं?"

"तारखेला पानी इचारतं का, भाऊ?" ते म्हणाले. "पानी तिथीला चढतं."

आणि त्यांनी मला उभ्या उभ्या भरतीचा हिशेब शिकवला. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ मिळते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. खाडीच्या तोंडापासून रोह्यापर्यंत पाणी चढायला वर एक तास धरायचा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी जोरात येतं, अंगावर येतं. अष्टमीच्या आसपास भांग. "भांगाचं पानी म्हंजे म्हातारा बैल. कुटं बी जा, काय करत नाय." मी दोनचार वेळा कुंडलिकेच्या पुलावर उभं राहून त्यांचा हिशेब पडताळला. दर वेळी बरोबर निघाला आणि दर वेळी मला उगीचच थोडा राग आला.

अंगाने काटक, रंगाने काळेसावळे, मिशा भरघोस, वय बावन्न. चालताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. बॉयलर सोडून जास्त वेळ लांब राहायचं नाही हा त्यांचा नेम, त्यामुळे कॅन्टीनला जाणं, टाइम ऑफिसला येणं, सगळं दुडक्या चालीने धावत. बॉयलरबद्दल ते घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलायचे. "आज त्याचं डोकं गरम हाय," म्हणायचे, आणि नवीन लागलेली पोरं हसायची. कंपनीचा भोंगा वाजायचा तोही बॉयलरच्याच वाफेवर. आपल्या पाळीत तो दुसऱ्या कुणाला ओढू देत नसत. "आख्खा रोहा आपल्या हातावर घड्याळ लावतो," असं ते म्हणायचे. त्यात अतिशयोक्ती होती, पण फार नव्हती.

त्यांच्यात एकच दोष होता. चहाला त्यांना नाही म्हणता येत नसे. थोरल्या मुलीच्या लग्नाची पत्रिका वाटायला एकदा ते सगळ्या खात्यांतून फिरले. प्रत्येक खात्यात चहा झाला. माझं टेबल शेवटचं. मी काही न कळून चहा मागवला. ते कपाकडे पाहत राहिले, कपाळावर घाम. मी विचारलं, "बरं वाटत नाही का?"

"एकोनिसावा हाय," ते म्हणाले, आणि बशीत ओतून प्यायला लागले.

"मग नको म्हणायचं ना, दादा."

"नाय म्हनलं की समोरच्याचं तोंड उतरतं. ते बघवत नाय."

हा दोष पुढे त्यांना चांगलाच भोवणार होता, पण ते नंतर.

साल चौऱ्याण्णव-पंचाण्णव असेल. त्या वर्षी कार्तिकातल्या संकष्टीला मोकलदादा बॉयलरच्या शिडीवरून उतरताना चक्कर येऊन बसले. पडले नाहीत, नुसते बसले. दिवसभर पोटात काही नव्हतं, चंद्र उगवायला अवकाश होता आणि समोर धडधडता बॉयलर. कुणालाही चक्कर आली असती. पण कंपनीत नुकतेच नवे डॉक्टर रुजू झाले होते. तिशीचे, उत्साही, ब्लड प्रेशरचं यंत्रही कोरं. त्यांनी दादांच्या दंडाला पट्टा बांधला, आकडा पाहिला, पुन्हा बांधला, पुन्हा पाहिला आणि कागदावर लिहून टाकलं: बॉयलर बंद, लाइट ड्यूटी. येत्या एक तारखेपासून मोकलदादांनी कॅन्टीनच्या खिडकीत बसून जेवणाची कूपनं द्यायची होती.

तो कागद माझ्याच हातून त्यांच्याकडे गेला. त्यांनी तो दोनदा वाचला. "बसायचं?" त्यांनी विचारलं.

"हो. खुर्ची आहे. पंखाही आहे."

"बसून काय करायचं, भाऊ?" वीस वर्षं आग सांभाळलेल्या माणसाला पंख्याचं आमिष दाखवल्याची मला आजही लाज वाटते.

नेमक्या याच सुमारास आमचे नवे वर्क्स मॅनेजर नायर साहेब यांच्या डोक्यात वार्षिक क्रीडास्पर्धांचं खूळ शिरलं. खोखो, संगीत खुर्ची आणि लिंबू-चमचा यांना ते कंटाळले होते. ते स्वतः सकाळी पांढरी चड्डी घालून धाटावच्या रस्त्याने पळायचे आणि कुत्री त्यांच्यामागे पळायची. त्यांनी जाहीर केलं की यंदा ट्रायथलॉन होणार. आधी पोहायचं, मग ओल्या अंगानेच सायकल मारायची, मग सायकल टाकून धावायचं. कुंडलिकेत सातशे-आठशे मीटर पोहणं, कोलाड फाट्यापर्यंत जाऊन परत असं वीसेक किलोमीटर सायकल आणि पाच किलोमीटर धावणं. शब्द कुणाच्या जिभेवर बसेना. अकाउंट्सवाले 'ट्रायल' म्हणू लागले. बॉयलर हाऊसमध्ये त्याचं 'तीर्थलान' झालं. आधी नदीत आंघोळ आणि मग प्रवास, म्हणजे तीर्थच की, असा त्यामागे विचार होता.

मोकलदादा मला घेऊन नायर साहेबांच्या केबिनमध्ये गेले. मला दुभाषा म्हणून नेलं होतं, पण साहेबांना मराठी बऱ्यापैकी येत होतं, त्यामुळे मी नुसताच उभा राहिलो.

"सायेब," दादा म्हणाले, "जो मानूस पवतो, सायकल मारतो आनि धावतो, तो आजारी असतो का?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. थोडा वेळ विचार केला, मग हसले. "दोन तास," ते बोटं दाखवून म्हणाले. "दोन तासाच्या आत पूर्ण करा. मी डॉक्टरशी बोलतो. नाही झालं, तर कूपन."

"कबूल," मोकलदादा म्हणाले आणि धावत बॉयलरकडे गेले.

आता माझ्या पराक्रमाकडे वळतो. स्पर्धेची मराठी नोटीस लिहायचं काम माझ्याकडे आलं. पोहणं सुरू होणार होतं ते पुलापलीकडच्या अष्टमी गावच्या काठावरून. रोह्याच्या समोरचं अष्टमी. मी तिथेच राहतो, बाजार तिथे, घरं तिथे, आम्हाला त्या नावात काही विशेष वाटत नाही. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं: "स्पर्धा अष्टमीला सकाळी सात वाजता सुरू होईल." स्पर्धेची तारीख आणि रविवार हे मी वर उजव्या कोपऱ्यात टाकलं. त्या कोपऱ्यात नोटीस लावल्याची तारीख असते, आणि कंपनी सुरू झाल्यापासून ती कुणीही वाचलेली नाही, हे माझ्या ध्यानात राहिलं नाही. बाकीच्यांना रविवार तोंडोतोंडी कळला. मोकलदादांची त्या आठवड्यात दुसरी पाळी होती, तीन ते अकरा, आणि बॉयलर हाऊस एका टोकाला. त्यांनी नोटीस वाचली आणि माझ्या खिडकीशी आले.

"भाऊ, अष्टमीलाच ना?"

"हो, अष्टमीलाच."

"सकाळी सातला?"

"बरोबर सातला. उशीर करू नका."

ते समाधानाने मान हलवत राहिले. "सायेब मोठा मानूस हाय," ते म्हणाले. "दर्याकडचा ना तो. तरीच." साहेब केरळचे, म्हणजे दर्याकडचे, हे खरं होतं. त्यात तरीच म्हणण्यासारखं काय, ते मला कळलं नाही आणि मी विचारलंही नाही.

मग मार्गशीर्षातला गुरुवार उजाडला. घरी बायकोला घट मांडायचा होता, म्हणून तिने मला सकाळीच आंब्याचा डहाळा आणायला पिटाळलं. डहाळा घेऊन मी नदीच्या बाजूने परत येत होतो, तर पाण्यातून एक माणूस वर आला. चड्डी, बनियन, बनियनच्या पाठीवर पोती रंगवायच्या शाईने काढलेला ठळक एकचा आकडा. मोकलदादा. काठावर त्यांची काळी, घंटीवाली, मागे कॅरियर लावलेली सायकल उभी होती. पहाटेच्या एसटीच्या टपावर टाकून त्यांनी ती पेणहून आणली होती.

"बाकीची मंडळी कुटं हाय?" त्यांनी मला विचारलं.

"कसली मंडळी?"

"तीर्थलानवाली. सातचा भोंगा झाला, कोन नाय. मीच सोताला सुरू म्हनलं. दोनदा पलीकडं हात लावून आलो." त्यांनी अंगावरचं पाणी निपटलं. "भ्याले वाटतं सगळे."

आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. गुरुवार. पंचांग. अष्टमी. त्या दिवशी खरोखरच मार्गशीर्ष शुद्ध अष्टमी होती. आठाची पाऊणपट सहा, रोह्याला यायला एक तास, म्हणजे सातला पाणी काठोकाठ भरून स्वस्थ उभं. वर भांग. पोहण्याची शर्यत ठेवायला याहून चांगली घटका सगळ्या महिन्यात नव्हती. ती साहेबांनी शोधून काढली म्हणून हा माणूस त्यांना मोठा म्हणत होता.

मी तोंड उघडलं, पण ते सायकलवर टांग टाकून निघाले होते. "वेळ जातोय, भाऊ," एवढं मागे टाकून ते पुलावर चढले. मी मागे धावलो. पायजमा, हातात डहाळा, "दादा, थांबा, दादा," असं ओरडत मी पूल ओलांडला. त्यांना वाटलं मी चेव देतोय. त्यांनी घंटी वाजवली आणि आणखी जोरात हाणली. पुलावरच्या एका बाईने मला हात जोडले, कशाला ते तिलाच ठाऊक. मी घरी गेलो, डहाळा दिला, झाला प्रकार बायकोला सांगितला. ती हसत हसत घटाशी बसली आणि कहाणी वाचता वाचता दोनदा पुन्हा हसली.

नऊच्या सुमारास मी कंपनीच्या गेटवर पोचलो. मोकलदादा वॉचमनच्या बाकावर बसले होते. बसलेले मी त्यांना तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं. ते कोलाड फाट्याला जाऊन आले होते, गेटला सायकल टेकवून रोह्याच्या वेशीपर्यंत धावत जाऊन परत आले होते आणि आता साहेबांची वाट पाहत होते. आमचे वॉचमन कदम हे निवृत्त फौजी. गेटमधून मांजर आत गेलं तरी रजिस्टरात लिहिणारे. त्यांनी लिहिलं होतं: जनार्दन मोकल, आत आल्याची वेळ ८.५१, कारण: शर्यत, पहिला आला.

मी दादांना बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. नोटीस मी लिहिली, चूक माझी, अष्टमी म्हणजे गाव, स्पर्धा रविवारी. मला वाटलं, ते चिडतील. कानाखाली दिली असती तरी मी घेतली असती.

"म्हंजे," ते हळूच म्हणाले, "सायबाला भरतीचं काय म्हाईत नाय?"

"काहीच माहीत नाही."

"नुसता रविवार बघितला?"

"नुसता रविवार."

त्यांना स्वतःच्या फुकट गेलेल्या मेहनतीचं काही नव्हतं. साहेब त्यांच्या नजरेतून उतरला, याचं खरं दुःख झालं होतं. मग त्यांनी बोटांवर मोजलं आणि म्हणाले, "रविवारी एकादशी हाय. पानी निमंच असंल. चिखल लागनार सगळ्यांना." आणि थोड्या वेळाने, "येतो मी रविवारी बी." त्यानंतर ते कॅन्टीनमध्ये जेवले, बॉयलर हाऊसमागे गोणपाटावर झोपले आणि तीनला पाच मिनिटं असताना कार्ड पंच करून पाळीवर उभे राहिले. अकरापर्यंत.

शुक्रवारपर्यंत ही गोष्ट कोलाडपर्यंतच्या प्रत्येक टपरीवर पोचली. गुरुवारी सकाळी पाठीवर एक नंबर लिहून एकटाच ऊर फुटेस्तोवर सायकल हाणणारा माणूस ज्यांनी ज्यांनी पाहिला होता, ते सगळे आता आपण त्याला ओळखतो म्हणून सांगू लागले. तो कशासाठी धावतोय, बॉयलर की कूपन, हेही सगळ्यांना कळलं. याचा परिणाम काय होईल, ते मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही.

रविवारी अष्टमीच्या काठावर वीस-बावीस जण जमले. त्यात डॉक्टरही होते, पोहण्याचा चष्मा आणि रबरी टोपी घालून. नायर साहेब घड्याळ घेऊन जीपमध्ये आणि मी नावांची यादी घेऊन त्यांच्या मागे. मोकलवहिनी पेणहून आल्या होत्या, हातात साबुदाण्याच्या खिचडीचा डबा.

"गो, हितं नको उभी राहू, कोलाडला जा. तिकडं लागंल मला," दादा त्यांना म्हणाले. वहिनींनी डबा कडेवर घेतला आणि मला बजावलं, "भाऊ, आज ह्यांना चक्कर आली, तर मी घरातच बसवीन. कूपनवर बी नाय पाठवायची."

शिट्टी वाजली. दादांनी सांगितलं होतं तसंच झालं. पाणी अजून निम्मं चढलेलं, दोन्ही काठांना गुडघाभर चिखल. तरणी पोरं दणादण उड्या टाकत गेली आणि चिखलात खांबासारखी रुतली. डॉक्टरांचा एक पाय वर यायचा तेव्हा दुसरा खाली जायचा. अकाउंट्समधला एक जण तिथेच हात वर करून उभा राहिला. मोकलदादा सावकाश आले, चिखलावर पालथे पडले आणि पोटावर घसरत सुळकन पाण्यात गेले. "उभं नाय ऱ्हायाचं, पसरा, पसरा," असं ते डॉक्टरांना सांगत होते. डॉक्टर पसरले. चष्मा चिखलात गेला. काठावरची माणसं हसून हसून एकमेकांच्या गळ्यात पडत होती आणि नायर साहेब घड्याळाकडे बघायचं विसरले होते.

पाण्यातून दादा दुसरे बाहेर आले. डोळे आणि मिशा सोडून सगळं अंग राखाडी. सायकलवर बसले तेव्हा वेळ उत्तम होती. मी मनातल्या मनात पेढे वाटले.

रोह्याच्या नाक्यावर पहिला चहा उभा होता. टपरीवाला कपबशी घेऊन रस्त्याच्या मधोमध. "दादा, गुरुवारी तसेच गेलात. आज घोटभर तरी." दादांनी ब्रेक लावला. एक पाय जमिनीवर, एक पेडलवर, बशीत ओतून फुंकर घालून चहा प्यायले. मी जीपमधून ओरडलो, "दादा, घड्याळ." ते म्हणाले, "झालंच." धाटावला दुसरा. तिथे झेंडूचा हारही घातला. पुढे एकाने शहाळं कापून ठेवलं होतं. एकादशीला चहा चालतो आणि शहाळं तर चालतंच, त्यामुळे उपासाचाही आधार नव्हता. प्रत्येक ठिकाणी माणूस हात पुढे करायचा, दादा एकदा रस्त्याकडे आणि एकदा त्याच्या तोंडाकडे बघायचे, आणि थांबायचे. मी कपाळाला हात लावून बसलो. नायर साहेब म्हणाले, "हे नाही का म्हणत नाहीत?" मी म्हणालो, "येत नाही त्यांना."

कोलाड फाट्यावर वहिनी डबा उघडून उभ्या. तिथेच मैलाच्या दगडावर डॉक्टर बसले होते, पोटरी धरून. मधल्या थांब्यांमध्ये ते दादांच्या पुढे निघून गेले होते, आणि आता पायात गोळा आला होता. दादांनी खिचडीचे दोन घास तोंडात टाकले, डॉक्टरांसमोर बसकण मारली आणि अंगठ्याने पोटरी दाबायला लागले.

"तुम्ही जा," डॉक्टर कळवळून म्हणाले. "तुमची वेळ जातेय."

"सकाळी काय खाल्लं होतं?"

"काही नाही. नुसती कॉफी."

"मग चक्कर येनार," दादा गंभीरपणे म्हणाले, आणि डब्यातलं रताळं त्यांच्या हातात दिलं. डॉक्टरांना आणि वहिनींना आम्ही जीपमध्ये घेतलं. डॉक्टर रताळं खाऊ लागले.

गेटशी सायकल टाकून दादा धावायला लागले तेव्हा ऊन चढलं होतं. गळ्यात हार, हाराला चिखल. धावताना ते सुंदर दिसत होते, असं मी म्हणतो तेव्हा कुणी हसू नये. बांधावरून मिठाच्या पाट्या वाहिलेल्या माणसाची ती चाल होती, पाय सरळ रेषेत पडणारे, डोकं हलत नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं होती. परतीच्या वाटेवर त्यांनी तीन पोरांना मागे टाकलं. गेटपाशी आमचं अख्खं बॉयलर हाऊस उभं राहून टाळ्या पिटत होतं. दादा आले, रेघ ओलांडली, थांबले आणि सरळ नायर साहेबांच्या मनगटाकडे पाहिलं.

साहेबांनी घड्याळ दोनदा बघितलं. "दोन तास, सात मिनिटं," ते म्हणाले.

टाळ्या थांबल्या. दादांनी गळ्यातला हार काढून हातात घेतला. वहिनींनी पदर तोंडाला लावला. ती सात मिनिटं चहाची होती आणि तो चहा माझ्या नोटिशीमुळे आला होता. मी पुढे झालो आणि सगळ्यांसमोर साहेबांना सांगून टाकलं. अष्टमी गाव, अष्टमी तिथी, गुरुवार, डहाळा, सगळं. ते अर्धवट त्यांना ठाऊक होतं, पण शर्यत खरंच पुरी झाली होती, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"पुरावा?" साहेबांनी विचारलं.

कदम आत गेले आणि रजिस्टर घेऊन आले. साहेबांनी बोट ठेवून एकेक अक्षर लावत वाचलं. "आठ एक्कावन. शर्यत. पहिला आला." त्यांनी मान वर केली. "दुसरा कोण आला?"

"दुसरा कुणी आला नाही, साहेब," कदम खडा आवाज लावून म्हणाले. "मी अकरापर्यंत वाट पाहिली."

साहेब हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग ते वॉचमनच्या बाकावर बसले, मग डोळे पुसू लागले. सगळं गेट हसत होतं, एकटे दादा सोडून. हसू ओसरल्यावर साहेब म्हणाले, "मी दोन तास म्हणालो होतो. वार मी कुठे सांगितला होता?"

तरी जीपमधून लंगडत उतरलेल्या डॉक्टरांनी यंत्र मागवलंच. दादांना बाकावर बसवून, दम खाऊ देऊन त्यांनी पट्टा बांधला. आकडा चांगला आला. वहिनी म्हणाल्या, "आता तुमचा बघा, डाक्टर." डॉक्टरांनी हसत स्वतःच्या दंडाला बांधला, आणि आकडा पाहून यंत्र घाईने पेटीत ठेवून दिलं. मग त्यांनी एकच अट घातली: संकष्टीला बॉयलरवर उभं राहायचं नाही. दादांनी ती मान्य केली. तेव्हापासून आमच्या कारखान्यात बॉयलरच्या पाळ्या पंचांग बघून लागू लागल्या आणि माझ्या खणाला थोडी प्रतिष्ठा आली.

त्यानंतर तीन पावसाळे गेले. नायर साहेबांची बदली झाली, स्पर्धा बंद पडल्या, लिंबू-चमचा परत आला. मोकलदादा बॉयलरवरच होते.

एक दिवस दुपारी, दुसऱ्या पाळीच्या आधी, ते माझ्या खिडकीशी आले. "भाऊ, अर्ज लिही," ते म्हणाले. "कूपनवर बसतो."

मी उठूनच उभा राहिलो. "कुणी काही म्हणालं का? डॉक्टर?"

"नाय."

"नवे साहेब?"

"नाय रे. काल शिडी चढताना मधी उभा ऱ्हायलो. कोन बघत नव्हता." त्यांनी बॉयलरकडे पाहिलं. "पन मी बघितला ना."

मी कागद ओढला. "कारण काय लिहू?" मी विचारलं. "तब्येत?"

"तब्येत नको. सोताच्या मर्जीनं, असं लिही."

मी तसं लिहिलं. त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवत ते वाचलं आणि खाली सही केली.

"आजपासून?" मी विचारलं.

"उद्यापास्नं. आज माजी पाळी हाय."

तीनला दहा मिनिटं कमी होती. मी खिडकीतून पाहत राहिलो. ते पटांगण ओलांडून बॉयलरकडे गेले आणि शिडी चढू लागले. मध्ये एकदा थांबले, कठड्याला धरून उभे राहिले, आणि मग उरलेल्या पायऱ्या चढले.